ही येईपर्यंत पाणी नाही

लिंबायतमधल्या आमच्या मराठी शाळेत पी.टी.चा तास आठवड्यातून दोनदा असायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटण्याआधी. मैदान म्हणजे शाळेच्या मागची मोकळी जागा. तिच्या एका बाजूला भिंत आणि भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पाण्याची सिमेंटची टाकी. टाकीला चार नळ होते, त्यांतल्या दोनांना पाणी यायचं. वर्गातल्या बहुतेकांचे वडील अशाच कारखान्यांत कामाला होते, माझेही. धुळे-जळगावकडून आलेली आम्ही सगळी मंडळी. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकातलं मराठी, दुकानात गुजराती.

मी जाड नव्हते. आजारीही नव्हते. मी नुसती हळू होते. आजवर याचं कारण मला कोणी सांगितलेलं नाही आणि मलाही सापडलेलं नाही. काही मुलांचं अक्षर वाईट असतं, तसं माझं पळणं होतं.

पी.टी.च्या सरांकडे साठेक मुलं, एक शिट्टी आणि एक हवा गेलेला व्हॉलीबॉल होता. कवायत झाली की ते मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावायचे. सहावीत असताना एकदा मी पाचवी फेरी संपवून आले, तोवर बाकीचा वर्ग पाणी पिऊन पुन्हा रांगेत उभा होता. सरांना ते खटकलं. तुकडी एकत्र निघते आणि एकत्र पोचते, असं ते नेहमी सांगायचे. पुढच्या तासाला नळांकडे निघालेल्या मुलांना त्यांनी हात आडवा करून थांबवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही येईपर्यंत कोणी पाणी प्यायचं नाही."

मी तेव्हा चौथ्या फेरीला होते. एप्रिलचे दिवस. साठ मुलं टाकीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. आधी त्यांनी मला जोर चढावा म्हणून आरडाओरडा केला. "पळ ना गं, थोडंच राहिलंय." मग आवाज बदलला. कोणीतरी मला रिक्षा म्हटलं, कोणीतरी बंद पडलेली रिक्षा. मी जोरात पळायचा प्रयत्न केला तर पोटात कळ आली आणि मी आणखी हळू झाले. मी पोचल्यावर सरांनी शिट्टी वाजवली आणि सगळे नळांवर तुटून पडले. मी मागे राहिले. माझा नंबर यायच्या आधी शाळा सुटल्याची घंटा झाली आणि शिपाईकाकांनी वरची चावी बंद केली.

ते एकदाच झालं असतं तर मी विसरले असते. पण सरांना वाटलं की उपाय सापडला. त्या तासापासून सातवी संपेपर्यंत, म्हणजे वर्षाहून जास्त काळ, मंगळवारी आणि शुक्रवारी तसंच चाललं. सर दुष्ट नव्हते, हे मला लिहायला हवं. माझा गुडघा फुटला तेव्हा त्यांनी स्वतःच्या रुमालाने तो बांधला होता. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळा, हे तुझ्याच भल्यासाठी आहे. सगळे तुझ्यासाठी थांबतात म्हणजे सगळे तुझ्याबरोबर आहेत." त्यांना ते खरंच तसं दिसत असावं. मला मात्र टाकीपाशी उभ्या असलेल्या साठ कोरड्या तोंडांखेरीज काही दिसत नव्हतं.

एक दिवस घरी रडत गेले. माय चुलीपाशी बसून भाकरी थापत होती.

"काय व्हयनं व? सरनी मारं का?"

"नाही."

"मंग कायले रडस?"

मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, पळायला सांगितलं होतं एवढंच. गावाकडे तीन कोस चालत शाळेत गेलेल्या मायला पळण्याचं रडं कसं समजावं? ती म्हणाली, दूध पित जा, आणि भाकरी उलटली.

सगळ्यात जास्त लागलं ते माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं बोलणं. आम्ही दोघी पहिलीपासून एकत्र बसायचो, डबा एकत्र खायचो. सातवीत एका सोमवारी ती अगदी शांतपणे, वही भरता भरता म्हणाली, "उद्या तू येऊच नको ना. तू नसलीस की आम्हाला पाणी मिळतं."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. म्हणजे शाळेत गेले, मैदानावर गेले नाही. रात्रपाळीवरून आलेल्या वडिलांची मी सकाळी सही घेतली. त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं. कागदावर काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. कागदावर मी लिहिलं होतं की माझ्या मुलीस पोटदुखीचा त्रास असल्यामुळे तिला आज कवायतीतून सूट मिळावी. सरांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि मला पायरीवर बसायला सांगितलं. त्या दिवशी मुलं पळून आली आणि सरळ पाण्यावर गेली. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. इतका निर्धास्त तास मला त्या शाळेत दुसरा आठवत नाही. त्यानंतर मी बऱ्याच चिठ्ठ्या लिहिल्या. आठवीत शाळा बदलली आणि तिथे पी.टी. नावालाच होतं, त्या तासाला गणित चालायचं. मला फार बरं वाटलं.

इथवरची गोष्ट मी कित्येक वर्षं कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटत नव्हतं.

आता माझं वय पंचेचाळीस. साड्यांच्या छापाईसाठी डिझाइन करण्याचं काम करते. रिंगरोडच्या मार्केटजवळच्या एका ऑफिसात सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसायचं. काठ, बुट्टी, पदर. राहायला आम्ही भेस्तानला. यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. एक मुलगी. दोनेक वर्षांपूर्वी चक्कर येते म्हणून तपासून घेतलं, तर रक्तात साखर. अजून काठावर होती. आमचे डॉक्टर म्हातारे आहेत, गुजराती, पेशंटशी कमी बोलतात. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बेन, गोळी अत्यारे नथी आपतो. रोज चालवानुं राखो."

गोळी नको, चालत जा. दवाखान्यातून बाहेर पडताना हे केवढे खूश होते. मला वाटलं, गोळी दिली असती तर बरं झालं असतं.

पहिल्या सोमवारी आम्ही दोघं कॅनॉल रोडवर गेलो. सकाळचे सहा. यांची चाल लांब ढांगांची. पाच मिनिटांत ते पन्नास पावलं पुढे गेले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते वळून उभे राहिले. हातात फोन, डोळे माझ्याकडे. मी त्यांच्यापाशी पोचेपर्यंत माझ्या कानशिलांत ठोके पडत होते, आणि ते चालण्याने नव्हे. आम्ही पुन्हा निघालो. पुन्हा ते पुढे गेले, पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी मी रस्त्यात उभी राहिले आणि म्हणाले, "थांबू नका."

"का? काय झालं?"

"काही नाही. तुम्ही चालत राहा. माझ्यासाठी थांबू नका."

"मग बरोबर आलो कशाला?"

"मी कुठे म्हटलं या म्हणून?"

रस्त्यावरच्या दोन बायका आमच्याकडे बघत गेल्या. हे गोंधळले होते. बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी मोठ्याने बोललेला नाही, आणि मी त्यांच्यावर भर रस्त्यात ओरडत होते, कारण ते माझ्यासाठी उभे राहिले होते. चौथ्या दिवशी ते म्हणाले, उद्यापासून हळू चालतो. ते हळू चालायला लागले. ते तर आणखी वाईट. त्यांचं प्रत्येक आवरून टाकलेलं पाऊल मला ऐकू यायचं. दुसऱ्या आठवड्यात मी पाय दुखतो म्हणून सांगितलं.

मग शेजारणीने तिच्या बायकांच्या गटात नेलं. सोसायटीजवळच्या बागेत सहा-सातजणी रोज सकाळी फेऱ्या मारायच्या. दोन सौराष्ट्रातल्या, एक उत्तर प्रदेशची, बाकी आपल्याकडच्या. गप्पा मारत चालायच्या, दहा फेऱ्या झाल्या की बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायच्या. बायका चांगल्या होत्या, मनापासून सांगते. मी मागे पडले तर कोणी हसलं नाही. पहिल्या दिवशी मी सहा फेऱ्यांवर थांबले, दुसऱ्या दिवशी सातवर. तिसऱ्या दिवशी ठरवलं की दहा पूर्ण करायच्याच. मी आठव्या फेरीत असताना त्यांच्या दहा झाल्या. त्या बाकांवर बसल्या. मी समोरून गेले तेव्हा त्यांतल्या सगळ्यात मोठ्या, मासी म्हणायचो आम्ही त्यांना, हात हलवून म्हणाल्या, "अमे बेठां छीए. तमे शांतिथी आवो." आम्ही बसलोय, तुम्ही सावकाश या.

मी नववी फेरी चालत होते. झाडांमधून मला बाक दिसत होता. थर्मास मधे ठेवलेला, कागदी कप बाजूला रचून ठेवलेले, आणि कोणी चहा ओतला नव्हता. सात बायका रिकामे हात मांडीवर ठेवून माझ्या बाजूला बघत होत्या.

मी दहावी फेरी केली नाही. बागेच्या मागच्या फाटकातून बाहेर पडले आणि रिक्षा करून घरी आले. घर तिथून चालत पाच मिनिटांवर आहे. शेजारीण नंतर काळजीने विचारायला आली. मी म्हटलं, गुडघ्यात कळ आली. तिने मला तेल आणून दिलं. ते तेल अजून कपाटात आहे आणि ती अजून माझ्या गुडघ्याची चौकशी करते.

नंतर मी गच्चीवर चालून पाहिलं. पाण्याच्या टाक्यांमधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अठ्ठावीस पावलं. कोणी बघायला नाही, कोणी थांबायला नाही. अडीच आठवडे चाललं. मग कंटाळा आला, खरोखरचा कंटाळा, अठ्ठावीस पावलांवर वळून वळून माणसाला येईल तसा. मोबाइलवर बघून योगासनं करून झाली. त्यातली बाई 'खूप छान' म्हणायची आणि मी मोबाइल बंद करायचे. डॉक्टरांनी पुढच्या वेळी रिपोर्ट बघितला आणि गोळी लिहून दिली. मी स्वतःवर इतकी चिडले होते की घरी येऊन कणीक मळताना परात आपटली.

हे सगळं चालू असताना, आणि त्याच्याही आधीपासून, मी आणखी एक गोष्ट करत होते, आणि ती लिहायला मला अवघड जातंय.

मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. पाचवीत असताना तिच्या शाळेच्या क्रीडादिनाला आम्ही गेलो होतो. धावण्याच्या शर्यतीत ती शेवटची आली. बाकीच्या मुली पोचल्या होत्या, ही एकटी मधे पळत होती, आणि माइकवरचे शिक्षक सांगत होते की टाळ्या वाजवा, तिची हिंमत वाढवा. सगळं मैदान तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. यांनीही वाजवल्या. मला उठून मैदानात जावं आणि तिला उचलून घेऊन यावं असं वाटत होतं. परत येताना रिक्षात ती रडली. मी तिला जवळ घेतलं आणि मनात पक्कं ठरवलं.

पुढच्या पी.टी.च्या दिवशी मी तिच्या दप्तरात चिठ्ठी टाकली. पोटात दुखतं. मग पाय मुरगळला. मग ताप येऊन गेलाय. इंग्रजीतली वाक्यं मी ऑफिसातल्या मुलीकडून तपासून घ्यायचे. एकच कारण लागोपाठ येऊ नये म्हणून मी कॅलेंडरच्या मागे खुणा करून ठेवत होते. यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "हे बरोबर नाही. पोरीला खेळू दे."

"तुम्हाला नाही कळायचं."

"मग सांग ना, काय नाही कळायचं ते."

मी सांगितलं नाही. आमचा त्यावर दोनदा वाद झाला, मग त्यांनी नाद सोडला. मुलगी चिठ्ठी घ्यायची, वाचायची, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवायची. कधी नको म्हणाली नाही. एकदा ती गुडघा खरचटून आली. जिन्यात पडले म्हणाली. मी त्या गुडघ्यावरही एक चिठ्ठी लिहिली. खरं कारण मिळाल्याचा मला तेव्हा आनंदच झाला होता. तीन वर्षं मी हे केलं.

मुलगी आठवीत असताना तिला घेऊन पालकांच्या सभेला गेले होते. वर्गशिक्षिकेशी बोलून निघाले, तर मागून हाक आली. ट्रॅकपँट घातलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली एक तरुण बाई. पी.टी.च्या मॅडम. शिट्टी बघूनच माझे खांदे आखडले. मी मनात उत्तर तयार करायला लागले, की डॉक्टरांनीच सांगितलंय, लहानपणापासून तिला त्रास आहे.

मॅडम हिंदीत म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. तिला खो-खोच्या संघात घेतलंय. चलथाणला सामने आहेत, तुमची सही लागेल."

मला वाटलं, यांचा घोटाळा झालाय. "माझी मुलगी नाही. दुसरी कोणी असेल."

"का बरं?"

"ती पी.टी.ला बसत नाही ना. मी चिठ्ठ्या पाठवते."

"कसल्या चिठ्ठ्या?"

मी मुलीकडे बघितलं. ती भिंतीवरचा तक्ता वाचत होती. कान लाल झाले होते.

मॅडम हसल्या. "मी इथे दोन वर्षं आहे. हिचा एकही तास चुकलेला नाही. फार पळत नाही ती, पण वळते छान. हाती लागत नाही."

घरी आलो. दार लावलं आणि मी विचारलं, "चिठ्ठ्यांचं काय केलंस?"

"पहिल्या तीन-चार दिल्या. मग नाही दिल्या."

"का?"

"बेंचवर बसून बोअर व्हायचं, मम्मी. सगळ्या खेळतात आणि आपण नुसतं बघायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इतकं मन लावून लिहायचीस. मला वाटलं तुला वाईट वाटेल."

"आणि तो गुडघा?"

"तो खो-खोतच फुटला होता. सॉरी."

मला राग आला. तीन वर्षं खोटं बोलली म्हणून आला, आणि खोटं बोलायला कोणी शिकवलं हे लगेच कळलं म्हणून आणखी आला. मी म्हटलं, "पण तू रडली होतीस. रिक्षात. मी बघितलं होतं."

"हो, हरले म्हणून रडले. हरल्यावर सगळ्याच रडतात." ती माझ्याकडे अशी बघत होती की यात न कळण्यासारखं काय आहे. "तू काय समजली होतीस?"

तेव्हा मी तिला सांगितलं. टाकी, चार नळ, पाच फेऱ्या, सर, मैत्रीण, वडिलांची सही. उभ्याउभ्याच सांगितलं, पर्सही खांद्यावरच होती. मला वाटत होतं की हे ऐकून ती रडेल, किंवा मला मिठी तरी मारेल. ती नीट ऐकत होती. मग तिने विचारलं, "आणि तुला पाणी मिळायचं?"

"नाही. माझा नंबर येईस्तोवर घंटा व्हायची."

"म्हणजे तुलाच नाही मिळायचं." तिने मान हलवली. "तो सर पागल होता, मम्मी. भूख लागी आहे, काही आहे का?"

मी पोहे केले. पोहे परतताना मला काय वाटत होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं जे मी अंगावर वागवत होते ते तिने चार शब्दांत मोडीत काढलं आणि ताटली घेऊन टीव्हीसमोर बसली. तिचं बरोबर होतं. तिचं बरोबर आहे याचाच मला त्रास होत होता.

चलथाणच्या सामन्याला मी रजा काढून गेले. तिथल्या साखर कारखान्यात उसाचं गाळप चालू होतं, मळीचा तो उग्र गोड वास मैदानभर होता आणि बाहेरच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. तिघी-तिघींच्या तुकड्या पळायला उतरत होत्या. मुलगी पहिल्या तुकडीत होती. मी दोन्ही हातांनी माझीच ओढणी धरून बसले होते. ती उतरली, दोन वेळा छान वळली, समोरच्या दोन मुलींना हुलकावणी दिली, आणि तिसऱ्या वेळी खांबापाशी घसरली. बाद. जेमतेम एक मिनिट झालं असेल. मी डोळे मिटले. उघडले तर ती चड्डीवरची माती झटकत, पुढच्या तुकडीतल्या मुलीच्या हातावर टाळी देत बाहेर येत होती.

त्यांचा संघ हरला, आणि चांगलाच हरला. दोन मुली रडल्या, त्यांतली एक माझी होती. मी पाण्याची बाटली घेऊन उठले, पण मी पोचेपर्यंत मॅडमनी वडापाव वाटायला घेतले होते आणि रडणं संपलं होतं. माझी मुलगी तोंडात घास कोंबून कोणाला तरी सांगत होती की ती कशी घसरली, आणि मातीत पाय घासून दाखवत होती. सगळ्या हसत होत्या. तीही हसत होती.

मी बाटली घेऊन तिथेच उभी राहिले. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही, पण त्याच्या आधी हेवा वाटला. स्वतःच्या मुलीचा हेवा वाटला असं लिहिणं बरं दिसत नाही, पण झालं ते तसंच झालं. हे मला का मिळालं नाही, हाच विचार डोक्यात घोळत होता. हरायचं, रडायचं, वडापाव खायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पळायचं, इतकं साधं ते असू शकतं तर माझ्या वाट्याला ते शिक्षेसारखं का आलं? सर आता असतील की नसतील, मला माहीत नाही. असले तरी त्यांना मी आठवत असेन असं वाटत नाही. आणि भेटले तर ते म्हणतील की आमच्या वेळी मुलं कशी काटक होती.

त्यानंतर मी यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी कॅनॉलवर थांबायचो तेव्हा तुला ते दिसायचं का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपणहून एक सोय काढली. दोघं बरोबर घरातून निघायचं, कोपऱ्यावर ते डावीकडे वळतात, मी उजवीकडे. आपापलं चालून आपापलं घरी यायचं. ज्याला आधी चहा प्यायचा असेल त्याने प्यावा.

असं दीड वर्ष चाललंय. आठवड्यातून चार दिवस जाते, कधी तीन. मुलगी बरोबर येते म्हणाली होती, तिला मी नको म्हटलं. ती बिचारी मला घरात पाय ताणायचे व्यायाम शिकवायला बसली, तर पाच मिनिटांत मी तिच्यावर खेकसले. "मम्मी, मी फक्त सांगतेय, गुडघा सरळ ठेव." नंतर माफी मागितली. गोळी बंद झालेली नाही, अर्धी झाली. डॉक्टर गेल्या महिन्यात म्हणाले, "हवे तो गमतुं हशे ने?" आता तर आवडत असेल ना? मी म्हटलं, नाही. ते मान वर करून बघायला लागले. त्यांना बहुतेक असं उत्तर कोणी देत नसावं.

सवय झाली की आवडायला लागतं, असं बागेतल्या बायका सांगायच्या, मोबाइलवरची ती बाईही सांगते. मला आवडत नाही. चालताना मागून कोणाची पावलं वाजली की मी रस्त्याच्या कडेला होऊन फोन बघण्याचं नाटक करते, तो माणूस पुढे जाईपर्यंत. घामाने चिकटलेला ड्रेस, कॅनॉलचा वास, माझी ती तशीच्या तशी हळू चाल. यातलं काहीही मला सुखाचं वाटत नाही. जाते, कारण डोळे आणि पाय शाबूत ठेवायचे आहेत, आणि डिझाइनचं काम डोळ्यांवर आहे.

आज सकाळी पाऊस नव्हता, पाय दुखत नव्हते, ऑफिसला उशीर होत नव्हता. तरी मी गेले नाही. हे कोपऱ्यावरून एकटेच डावीकडे वळले, मी खिडकीतून बघितलं आणि पुन्हा येऊन अंथरुणावर बसले. दुपारी ऑफिसात डबा खाताना एका साडीच्या काठाचं काम समोर होतं आणि माझं डोकं त्यात नव्हतं. चालायला गेले असते तर ते चालणं आतापर्यंत विसरूनही गेले असते, एवढंच सारखं मनात येत होतं.